एका सुईत दोन प्रश्न

मुलगी पाचवीत आहे. परवा डबा धुवायला काढताना तिच्या दप्तराच्या तळाशी चार घड्या घातलेला एक कागद सापडला, कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलेला. शाळेत लस द्यायला आरोग्य केंद्राची माणसं येणार आहेत, पालकांनी सही करून कागद उद्यापर्यंत परत पाठवावा, असा मजकूर. सगळा इंग्रजीत. लसीचं नाव दोन अक्षरांत उरकलेलं, 'टीडी'. कशावरची, आत्ताच का, काही नाही. आणि सहीच्या जागेच्या बरोबर वर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: या लसीचे फायदे आणि संभाव्य त्रास मला समजावून सांगण्यात आले आहेत.

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कसली सही गो?"

"लसीची."

"मग कर की. सगळ्यांनाच देतात."

बरोबरच होतं त्यांचं. मुलीला आजवर सगळ्या लसी वेळेवर दिल्या आहेत, हीही देणारच होते. तरी पेन उघडून मी थांबले, कारण जे मला कोणी समजावलंच नव्हतं ते समजलं असं मी लिहून देणार होते. लस बरी की वाईट हा त्या क्षणी प्रश्नच नव्हता. सही म्हणजे नक्की काय, हा होता. त्या रात्री जे वाचायला बसले आणि गेले काही दिवस जे विचारत फिरले, ते इथे मांडते आहे. आपल्या डिचोली-सत्तरी-पेडण्याकडच्या कितीतरी घरांत असे कागद दप्तरातून येतात आणि तसेच सही होऊन परत जातात.

आधी कायदा. 'माहितीपूर्ण संमती' या नावाचा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. जुनी कलमं, न्यायालयांचे निकाल आणि वैद्यकीय नियम यांतून तो वेचून घ्यावा लागतो. पण वेचला की चित्र स्पष्ट आहे. १८७२चा करार कायदा सांगतो, दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली तर ती संमती. यातले 'एकाच अर्थाने' हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. डॉक्टरांच्या मनात एक आणि माझ्या मनात भलतंच असेल, तर खाली कितीही ठसठशीत सही असो, संमती झालेली नसते. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २८व्या कलमातही जुनंच सूत्र कायम आहे: भीतीपोटी किंवा गैरसमजातून कोणी हो म्हटलं आणि समोरच्याला ते ठाऊक असेल, तर ते 'हो' कायद्याच्या लेखी 'हो' नव्हे.

वैद्यकीय संमतीचा आपल्याकडचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. प्रकरण दिल्लीतलं, १९९५ सालचं. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या त्रासासाठी दवाखान्यात गेली. दुर्बिणीने आतून तपासायचं ठरलं, आणि गरज पडली तर पोट उघडावं लागेल, एवढ्याला तिने सही दिली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. जाग आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं.

न्यायालयाने म्हटलं, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. सज्ञान बाईच्या शरीराबद्दल तिच्या आईलाही परस्पर हो म्हणता येत नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हेही न्यायालयाने अमान्य केलं नाही, पण चांगल्या हेतूने संमतीची जागा भरून निघत नाही. त्या स्त्रीला भरपाई मिळाली २५,००० रुपये, आणि डॉक्टरांना फी मागता येणार नाही असं ठरलं. एवढ्या मोठ्या हानीला एवढीशी रक्कम, हे मला आजही खुपतं. पण त्या निकालाने डॉक्टरांनी काय सांगायला हवं ते नेमकं सांगून ठेवलं. काय करणार आणि कशासाठी. दुसरा काही मार्ग आहे का. मुख्य धोके कोणते. आणि नाही केलं तर काय होईल.

शेवटची गोष्ट आपण बहुतेक वेळा विसरतो. संमती म्हणजे केवळ धोक्यांची यादी वाचून दाखवणं नव्हे. नाही म्हणण्याची किंमतही तितक्याच स्वच्छ शब्दांत कळली पाहिजे. त्याच निकालात असंही आहे की अगदी विरळा, पुस्तकातच राहणारे धोके एकेक करून सांगत रुग्णाला घाबरवून सोडायची गरज नाही. हे मला शहाणपणाचं वाटतं. घाबरलेला माणूस निवड करत नाही, पळतो.

म्हापशातले चौसष्ट दिवस

संमतीचा विषय निघाला की परदेशातली उदाहरणं दिली जातात. आपल्या गोव्याचं स्वतःचं एक उदाहरण आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत.

डॉमिनिक डिसोझा हा बार्देशातला तरुण, एकोणतीस वर्षांचा, नेमाने रक्तदान करणारा. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी झाली आणि त्यात एचआयव्ही आढळला. त्याला कोणी बसवून सांगितलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. म्हापशात क्षयरोग्यांसाठीची एक जुनी, वापरात नसलेली इमारत होती, तिथे त्याला एकट्याला ठेवलं. आपल्याला नेमकं काय झालं आहे हे त्याला या सगळ्या धावपळीत, नोंदवहीतल्या आणि लोकांच्या बोलण्यातल्या शब्दांवरून कळत गेलं. चौसष्ट दिवस तो तिथे होता.

हे बेकायदा नव्हतं, आणि या गोष्टीतलं खरं दुखणं हेच आहे. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५चा. त्यात नंतर दुरुस्ती करून एचआयव्ही असलेल्या माणसाला अलग ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. डॉमिनिक बाहेर आला, पण कायदा मात्र न्यायालयाने उचलून धरला: व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांत संघर्ष झाला तर व्यक्तीने माघार घ्यावी, असा त्याचा सूर होता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एचआयव्ही एका घरात राहिल्याने, एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने पसरत नाही. हे १९८९ मध्येही शास्त्राला माहीत होतं. म्हणजे त्या माणसाला कोंडून बाहेरचं कोणीही अधिक सुरक्षित होत नव्हतं. 'सार्वजनिक हित' हा शब्द वापरला गेला, पण त्या हिताचा हिशेब कोणी केला नाही. उलट झालं असं की, तपासणी केली तर पोलीस येतात हे ज्याने ऐकलं तो तपासणीपासून दूर पळाला असणार.

डॉमिनिकने पुढे एचआयव्हीग्रस्तांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. देशाला एचआयव्हीचा कायदा मिळायला २०१७ उजाडलं, आणि तो लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की समजून दिलेल्या संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही चाचणी करायची नाही, आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन करायचं. रक्तपेढीत आलेल्या रक्ताची छाननी याला अपवाद आहे, आणि तो योग्यच आहे, कारण ते रक्त दुसऱ्याच्या अंगात जाणार असतं. हा अपवाद मुद्दाम सांगितला. कायद्याने इथे नेमका तोच प्रश्न विचारला आहे जो १९८९ मध्ये कोणी विचारला नाही: धोका कोणाला?

धनुर्वात आणि घटसर्प

या प्रश्नाने मला पुन्हा त्या लोणच्याचा डाग पडलेल्या कागदाकडे आणलं.

टीडी म्हणजे टिटॅनस आणि डिप्थेरिया, आपल्या आज्यांच्या भाषेत धनुर्वात आणि घटसर्प. राष्ट्रीय वेळापत्रकात ही लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी येते, कारण लहानपणी घेतलेल्या डोसांचा जोर तोवर ओसरत आलेला असतो. एकच सुई, एकाच कुपीतलं औषध. पण 'लस घ्यावी की नाही हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे' हे वाक्य या दोन आजारांना लावून पाहा.

धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत, शेणात असतात. काजूच्या बागेत पायात काटा घुसला, कोयती लागली, तर जखमेतून शिरतात. पण एका माणसाचा धनुर्वात दुसऱ्याला होत नाही, कधीच नाही. मी लस घेतली नाही तर मरेन मी. शेजारणीला काही होणार नाही. आणि शेजारच्या सगळ्यांनी घेतली तरी मला त्याचा काडीचा उपयोग नाही. इथे निवड खरोखर जिची तिची.

घटसर्पाचं तसं नाही. तो खोकल्यातून, शिंकेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याची लस मुख्यतः जंतूच्या विषावर काम करते, तरीही वस्तीतल्या बहुतेकांनी घेतलेली असली की तो फैलावायला जागा उरत नाही. म्हणजे माझ्या 'नाही'चा थोडा वाटा दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला जातो.

गोवर तर याचं टोक. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजारी पाडू शकतो. त्याला रोखायला सुमारे ९५ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती लागते. आणि आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर असतो. त्याआधीचं बाळ पूर्णपणे आजूबाजूच्या मोठ्यांवर विसंबून असतं. त्याला कोणी संमती विचारत नाही, आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

म्हणून 'लसीची सक्ती असावी की नसावी' हा प्रश्न असा मोघम विचारला की भांडणच होतं. कोणती लस, कोणता आजार, तो कसा पसरतो, लस तो पसरण्यापासून कितपत अडवते, हे विचारलं की उत्तर हाताला लागतं.

२ मे २०२२

सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी जो निकाल दिला तो याच वाटेने जातो. लसीकरणावरच्या राष्ट्रीय तज्ज्ञ गटाचे माजी सदस्य डॉ. जेकब पुलियेल यांची याचिका होती, कोविडच्या लसींबद्दलची. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि भूषण गवई यांच्या पीठासमोर ती होती. निकाल मोठा आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे दोन अर्धे तुकडे फिरत असतात, ज्याला जो सोयीचा तो.

पहिला तुकडा: स्वतःच्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१व्या कलमात येतो, म्हणून कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. हे खरं आहे. केंद्र सरकारनेही त्याच वर्षी जानेवारीत न्यायालयाला लिहून दिलं होतं की संमतीविना सक्तीचं लसीकरण त्यांच्या धोरणात नाही.

दुसरा तुकडा: समाजाच्या आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या वावरावर बंधनं घालू शकतं. हेही खरं आहे. पण कशीही नाही. खासगीपणाच्या हक्कावर नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये जी कसोटी ठरवली तीच इथे लागते. बंधनाला कायद्याचा आधार हवा. त्यामागे रास्त गरज हवी. आणि बंधन त्या गरजेच्या प्रमाणात हवं, उंदरासाठी घर जाळायचं नाही.

प्रमाण म्हणजे काय ते आपल्या सीमेवर आठवून पाहा. २०२१ मध्ये पत्रादेवी आणि पोळेच्या नाक्यावर कोविड नसल्याचा चाचणी अहवाल दाखवावा लागे. पुढे दोन्ही डोस घेतलेल्यांना त्यातून सूट मिळाली. सूट नको असेल तर चाचणी होतीच. तो रांगेचा त्रास ज्यांनी काढला त्यांना गोड वाटणार नाही, पण तिथे माणसाला पर्याय होता. याउलट 'लस नाही तर पगार नाही' असं जिथे झालं, तिथे पर्याय कागदावरच उरला. त्याच वर्षी मेघालयात दुकानदार आणि टॅक्सीवाल्यांवर लसीची अट घातली गेली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने जूनमध्येच सांगितलं की रोजीरोटीला दोर लावून घेतलेली संमती कायद्यात टिकत नाही.

आता निकालाचा गाभा. लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणात नाहीत, असं न्यायालय म्हणालं. का? लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त विषाणू पसरवतो हे दाखवणारी माहिती कोणत्याही सरकारने समोर ठेवली नव्हती. म्हणजे कोविडची ती लस घेणाऱ्याला गंभीर आजारापासून वाचवत होती, पण त्या टप्प्यावर ती घटसर्पापेक्षा धनुर्वाताच्या बाजूला झुकलेली होती. उपमा माझी, तर्क न्यायालयाचा. लसी असुरक्षित आहेत असं न्यायालय कुठेही म्हणालेलं नाही. सरकारचं लसीकरण धोरण त्याने अवाजवी ठरवलं नाही, आणि उद्या वेगळी परिस्थिती आली तर वेगळा विचार होऊ शकतो हे दारही उघडं ठेवलं. शिवाय, लसीनंतर कोणाला त्रास झाला तर सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरलाही तो नोंदवता यावा अशी सोय करा, असा आदेश दिला.

पुण्यात १८९७ साली प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून जे केलं ते मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. साथरोग कायदा त्याच सालचा. रँडवर गोळी झाडली गेली ती साथीमुळे नव्हे, साथ आवरण्याच्या पद्धतीमुळे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, तो कायदा इकडे नव्हता. पण बळजबरीने साथ आटोक्यात येते तेव्हाही विश्वास मोडतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सांधत नाही, हे इकडेही तितकंच खरं.

मुलांच्या वतीने कोण?

अठरा पूर्ण होईपर्यंत निर्णय पालकांचा. इथवर सोपं. पण शाळेत लस द्यायची ठरते तेव्हा 'पालक' म्हणजे कोण, हे हळूच बदलतं.

गोवर-रुबेलाची देशव्यापी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीत कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप यांच्या जोडीला गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना लस द्यायची, म्हणजे अर्थातच शाळांतून. ही मोहीम दिल्लीत पोचली तेव्हा तिथल्या सरकारने पालकांच्या संमतीची गरज नाही अशी भूमिका घेतली, आणि काही पालक उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं: मोहीम कितीही चांगली असो, पालकांना लसीची, तिच्या संभाव्य त्रासांची आणि कोणत्या मुलांना ती देऊ नये याची माहिती द्यावी लागेल, आणि जे नकार देतील त्यांच्या मुलांना लस दिली जाणार नाही.

याहून कडू धडा तेव्हा आंध्रात असलेल्या, आता तेलंगणातल्या खम्ममचा आहे. २००९-१० मध्ये तिथे आणि गुजरातेत वडोदऱ्याला दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. खम्ममच्या बऱ्याच मुली आदिवासी, आश्रमशाळेत राहणाऱ्या. काही मुलींचे मृत्यू झाले, गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. आढळलं ते वेगळंच. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३च्या अहवालात आकडे आहेत: आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, १,९४८ वर अंगठे.

दिल्लीतल्या त्या बाईच्या आईची सही आठवते? इथे तर आईही नाही, वॉर्डन. मला याचं विशेष दुःख होतं ते असं की लस चांगली होती. तिने कितीतरी मुलींचा पुढचा कर्करोग टळला असता. पण संमतीत कसूर केली, आणि आपल्याकडे 'एचपीव्ही' म्हटलं की लोकांना आजार न आठवता तो गदारोळ आठवायला लागला. संमती घेण्यात वेळ जातो म्हणणाऱ्यांनी हा गेलेला वेळ मोजून पाहावा.

आणि मूल? त्याला काही विचारायचं की नाही? संशोधनासाठी आयसीएमआरची, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या शिखर संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार, पालकांच्या संमतीशिवाय वेगळा घ्यायचा असतो. नेहमीच्या लसीला हा नियम लागू नाही. घरात लागू करायला कोणाची हरकत नसावी.

सांगणं म्हणजे काय

आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना एक शिकवण दिलेली असते, लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या. कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते. काय किरकोळ त्रास होईल आणि झाला तर काय करायचं. पुढच्या वेळी कधी यायचं. कार्ड जपून ठेवायचं आणि येताना आणायचं. बाळ रडत असतं, मागे रांग असते, तरी चांगली सिस्टर अर्ध्या मिनिटात हे चारही सांगून मोकळी होते. मी ऐकलं आहे. "पेंटा दिलाय हो, मांडीला. रात्री अंग गरम होईल, घाबरू नका. चोळू नका." (पेंटा म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस.) कुठल्याही छापील संमतिपत्रापेक्षा हे अर्धं मिनिट मला मोलाचं वाटतं. एकच उणीव: हे सुई टोचल्यानंतर सांगितलं जातं. संमतीसाठी ते आधी हवं, आणि त्यात 'मूल तापात आहे का, मागच्या डोसाला काही झालं होतं का' हे विचारणंही हवं.

सत्तरीतल्या माकडतापाच्या लसीची गोष्ट यात मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१५ पासून पाळी, म्हाऊस या भागात क्यासनूरच्या तापाचे रुग्ण सापडू लागले. गोचिडीतून होणारा हा आजार, आणि हंगाम नेमका काजूचा, म्हणजे लोक रानात असतात तेव्हाचा. त्यावर लस होती, सत्तरीतही दिली गेली. पण ती टोचली की फार दुखायची. एका डोसाने भागत नसे: महिन्याने दुसरा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दर वर्षी. आणि कर्नाटकातल्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के, बूस्टर धरून सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसलं होतं. पुढे ती वापरातून गेली.

अशी लस कशी सांगाल? 'सरकारी लस आहे, घ्या' म्हटलं तर माणूस एक डोस घेईल, दोन दिवस दंड धरून बसेल आणि दुसऱ्या डोसाच्या दिवशी पहाटेच बागेत निघून जाईल. मग पहिलाही वाया. त्याऐवजी 'दुखेल, पूर्ण संरक्षण नाही, पण तीन वेळा आलात तर बराच फरक पडेल, आणि लस घेतली तरी रानात जाताना अंगाला गोचिडीचं तेल लावा' एवढं खरं सांगितलं तर निम्मे 'नाही' म्हणतील कदाचित, पण जे 'हो' म्हणतील ते तिसऱ्या डोसाला हजर असतील.

नेहमीच्या लसींबद्दल खरं सांगायला इतकं अवघड काही नाही. दंड दुखतो, सुजतो, ताप येतो. गोवराच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनी बारीक ताप किंवा पुरळ येऊ शकतं. गंभीर अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एकदा. ती आली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते, म्हणून केंद्रात अर्धा तास बसवून ठेवतात आणि म्हणून तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन तयार असावं लागतं. त्या अर्ध्या तासाला कंटाळून निघून जाऊ नका.

आणि काही विपरीत घडलंच तर? 'लसीनंतर' आणि 'लसीमुळे' हे दोन शब्द वेगळे ठेवायचे. लसीनंतर घडलेली प्रत्येक गंभीर गोष्ट आरोग्य केंद्राला कळवायची, ती लसीमुळे आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही. त्यासाठी जिल्हा आणि राज्य पातळीवर समित्या असतात, त्या कागदपत्रं पाहून कारण शोधतात. तुमच्याकडे मात्र दोन गोष्टी हव्यात: तारीख आणि कुपीवरचा बॅच नंबर. त्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगते. सकाळी केंद्रात फोन केला. सिस्टरनी कामाच्या गर्दीतही पाच मिनिटं दिली, टीडी म्हणजे काय ते सांगितलं, मुलीला पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी झाली होती का ते विचारलं. फोन चालू असताना मुलगी बाजूला वेणी घालत उभी होती. तिला म्हटलं, तुला काही विचारायचंय? तिने फोन घेतला आणि विचारलं, "दुखेल?" पलीकडून उत्तर आलं, "होय बाय, टोचताना थोडं, आणि दोन दिवस हात जड वाटेल. उजव्या हाताने लिहितेस ना? मग डाव्या हातावर घे." मुलगी म्हणाली, बरं. मग मी सही केली, समजावून सांगण्यात आलं आहे या वाक्याखाली, आणि खाली मराठीत लिहिलं: डाव्या हातावर द्यावी.

लस डाव्या हातावरच दिली होती. कार्डावर तारीख होती, बॅच नंबरची जागा कोरी होती. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन तो लिहून आणला.